टायलरचा टोस्ट

"बाजूला हो गं, तलवार आहे," पप्पा म्हणाले.

मी ओले केस घेऊन न्हाणीतून बाहेर येत होते आणि पप्पा ओसरीवर मांडी घालून तलवार घासत बसले होते. चुलीतली राख, लिंबाची फोड आणि जुन्या बनियनचा बोळा. रविवार होता. सकाळची उपासना उरकून आले होते, तरी चर्चचा कोट अंगात तसाच.

"घासूनघासून सुरी व्हायची आता तिची," आई आतून म्हणाली. "आणि एवढं नटूनथटून जायचं कुठं? तर भुतांच्या घरी!"

आमच्या खडकमाळ कँपात त्या इमारतीला लॉज कुणीच म्हणत नसे. लॉज म्हटलं की माणूस मुक्कामाला खोली मागायचा. ही फ्रीमेसन लोकांची लॉज, म्हणजे एकमेकांना बंधू म्हणणाऱ्या एका गुप्त मंडळाची बैठकीची जागा, गोऱ्या पलटणीतल्या साहेबांनी बांधलेली. खिडक्या कायम बंद, आत काय चालतं ते कुणाला दिसायचं नाही, म्हणून सगळे तिला जादूघर म्हणायचे. आत कवटी आहे, आत माणसाला पुरून परत उठवतात, असल्या बाता. आणि त्या जादूघराच्या दाराबाहेर उपसलेली तलवार घेऊन उभे राहायचे ते माझे पप्पा, लूकस भिंगारदिवे. शाळेत मला पोरं 'भुताच्या वॉचमनची पोरगी' म्हणायची. मी दोघातिघांना चांगलं बुकललंही होतं.

पण पप्पा वॉचमन नव्हते. ते काम करणाऱ्याला टायलर म्हणतात. टायलर व्हायला आधी मेसन व्हावं लागतं, रीतसर शपथ घेऊन. पप्पा महायुद्धातून परत आले तेव्हा त्यांच्या कर्नलनं त्यांना आत नेलं आणि पप्पांनी आपल्याच मराठी पवित्र शास्त्रावर हात ठेवून शपथ घेतली. त्या शपथेतलं त्यांनी आईलासुद्धा कधी काही सांगितलं नाही. त्यांचा पांढरा कातडी एप्रन आमच्या ट्रंकेत आईच्या लग्नाच्या साडीखाली असायचा. "मी गेलो की मला हा बांधायचा. विसरायचं नाही," एवढं मात्र आम्हाला शंभरदा सांगून झालं होतं.

"रूथ, तू चल आज माझ्याबरोबर," तलवार म्यानात घालत पप्पा म्हणाले.

"मी? बायकांना कुठं घेतात तिथं?"

"आज घेतात. लॉजला शंभर वर्षं झाली. दुपारचं जेवण आहे. मास्टर साहेब गेल्या बैठकीत म्हणाले, सगळ्या बंधूंनी घरच्यांना आणावं."

"तुम्हाला म्हणाले?"

"दारातून ऐकू येतं की. सगळ्या बंधूंनी म्हणाले. मी बंधूच आहे." मग थोडं थांबून, बक्षीस मिळणाऱ्या मुलासारखं तोंड करून म्हणाले, "आणि वकील साहेबांनी लॉजचा इतिहास लिहिलाय. आज वाचणार आहेत. माझं नाव आहे त्यात. मला सांगितलं त्यांनी."

आई काही आली नाही. गुडघ्याचं निमित्त सांगून मटण शिजवत बसली. मी माझी निळी वायलची साडी नेसले. मी तेव्हा मोठ्या सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते आणि त्या वर्षीचे मास्टर, म्हणजे लॉजचे प्रमुख, होते आमचेच सर्जन डॉक्टर मधुसूदन हिर्लेकर. ऑपरेशनच्या टेबलावर माझ्या हातावर त्यांचा एवढा भरवसा की दुसऱ्या सिस्टरला उभी करायचे नाहीत. "रूथ मला मुलीसारखी आहे," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. त्यामुळं मला जाताना संकोच असा वाटलाच नाही.

डॉक्टर फाटकातच भेटले. सुटाबुटात, गळ्यात निळा पट्टा.

"अरे, रूथ! बरं झालं आलीस. एवढ्या म्हाताऱ्या बायका जमल्यात, कुणाला चक्कर आली तर पंचाईत. बॅग आणलीस?"

"बॅग नाही आणली, डॉक्टर. मी जेवायला आलेय."

ते हसले. मग माझ्यामागे पप्पांना पाहिलं आणि हसू तिथंच आटलं. "असं का? हो हो. बघतो हं काहीतरी," म्हणून ते आत सटकले.

आत लांबलचक टेबल, पांढरी चादर, प्रत्येक खुर्चीसमोर नावाची चिठ्ठी. भिंतीवर मेसन लोकांच्या खुणा, काटकोनी गुण्या आणि कंपास, गवंड्याची पाणपातळी, सगळं पितळी, लखलखीत. ते सगळं पप्पाच घासायचे. आमच्या नावाची चिठ्ठी कुठंच नव्हती. लॉजचे सेक्रेटरी वकील कोरगावकर, ज्यांनी तो इतिहास लिहिला होता, ते घाईघाईनं आले.

"लूकस, हे काय? आधी सांगायचं नाही का?"

"साहेब, मास्टर साहेब म्हणाले होते, सगळ्या बंधूंनी..."

"हो, पण म्हणून..." वकिलांनी माझ्याकडं पाहिलं आणि वाक्य गिळलं. मग आचाऱ्याला सांगून दाराबाहेर व्हरांड्यात एक स्टूल ठेवायला लावलं. "इथं वारा चांगला येतो, बाई. वडलांच्या जवळ बसा."

मी तोंड उघडलं, तर पप्पांनी नुसती मान हलवून मला गप्प केलं. मी बसले. दार उघडंच होतं, आतलं सगळं दिसत होतं. पप्पा दाराशी तलवार धरून उभे राहिले, ताठ, पलटणीत असल्यासारखे.

वकिलांनी इतिहास वाचायला घेतला. आवाज काय खर्जातला! गोरे कॅप्टन, मेजर, पहिले पारशी बंधू, पहिले हिंदू बंधू, प्लेगमध्ये लॉजनं वाटलेलं धान्य. मग म्हणाले, "या दाराच्या आत जात नाही, धर्म नाही, राजा नाही, रंक नाही. ही पाणपातळी आम्हाला तेच शिकवते. इथं आम्ही सगळे एका पातळीवर बसतो." लोकांनी टाळ्या पिटल्या. बायकांनी माना डोलावल्या. आणि मी दाराबाहेर स्टुलावर. वा रे तुमची पातळी!

पप्पा पुढं झुकले. त्यांचं नाव आता येणार होतं.

"शेवटी," वकील म्हणाले, "आमच्या लॉजचा जुना, इमानी नोकर लूकस याचा उल्लेख केला पाहिजे. ऊन असो, पाऊस असो, हा सेवक दाराशी हजर."

पुन्हा टाळ्या. दोनचार जणांनी वळून दाराकडं बघून कौतुकानं हातही हलवला. पप्पा हलले नाहीत.

"नोकर म्हणाले," पप्पा हळूच म्हणाले. मला नव्हे, स्वतःलाच.

मग जेवण. आत चिनी मातीच्या बशा फिरल्या. आचाऱ्यानं आम्हाला दोन जर्मनच्या ताटल्या आणून दिल्या, व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवल्या. कठड्यावर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पप्पा, तुम्ही दर वेळी असंच जेवता?"

"जेवण चांगलं असतं, बाळा."

"मी जेवण विचारत नाही."

आम्ही दोघंही जेवलो नाही. ताटल्यांवर माश्या बसल्या. मग माझी नजर दाराच्या मागं गेली. तिथं भिंतीला एक खिळा होता आणि खिळ्याला एक निळा टवके उडालेला मग टांगलेला होता. शेजारी आतल्या कपाटात काचेच्या ग्लासांची रांग.

"तो मग कुणाचा?"

"माझा. टोस्टचा."

आता हे नीट सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मेसन लोकांच्या जेवणात एकामागून एक टोस्ट होतात, म्हणजे पेला उचलून कुणाच्या नावानं शुभेच्छा देतात. त्यातला शेवटचा टोस्ट टायलरनं म्हणायचा. मास्टरनं नाही, पाहुण्यानं नाही, दाराबाहेरच्या माणसानं आत येऊन म्हणायचा. जगात कुठंही गरीब, दुःखी असलेल्या बंधूंसाठी असतो तो. आणि तो झाल्याशिवाय टेबलावरून कुणी उठत नाही, अशी त्या लॉजची शंभर वर्षांची रीत. पप्पांना या टोस्टचं किती अप्रूप! दाढी करताना आरशापुढं म्हणायचे. ते शब्द काही गुपित नव्हते, म्हणून तेवढे आमच्या घरी सगळ्यांना पाठ.

आणि हा टोस्ट, गरीब भावांसाठीचा टोस्ट, ते वेगळ्या मगातून प्यायचे. पप्पांनी मला नंतर सांगितलं, गोरे त्यांना टेबलावर बसवत नव्हतेच, पण टोस्टला ग्लास मात्र आपल्यातलाच द्यायचे. गोरे गेले, आपले आले, आणि खिळा ठोकला गेला. मला वाटतं, तेव्हाही कुणीतरी समतेवर भाषण केलंच असणार.

आत टोस्ट सुरू झाले. पुरुषांच्या ग्लासात शेरी, बायकांना सरबत. देशासाठी झाला, मुंबईहून आलेल्या बड्या पाहुण्यांसाठी झाला, महिलांसाठी झाला. मग डॉक्टर हिर्लेकरांनी टेबलावर हातोडी आपटली.

"टायलर!"

पप्पांनी तलवार दाराला टेकवून ठेवली. कोटाची बटणं लावली. खिळ्याला हात लावला नाही, रिकाम्या हातांनी आत गेले.

"अरे, मग?" वकील दबक्या आवाजात म्हणाले. "तुझा मग कुठाय?"

"खिळ्याला आहे, साहेब."

मग पप्पा मास्टरकडं वळले. आवाज अगदी शांत. "मास्टर साहेब, एक विचारायचं होतं. हा टोस्ट बंधूनं म्हणायचा असतो. वकील साहेबांनी आता वाचलं की मी नोकर आहे. मी कोण आहे, तेवढं सांगा. लगेच म्हणतो."

चमचे वाजायचे थांबले.

"अरे लूकस," डॉक्टर हसत म्हणाले, पण कपाळाला घाम आला होता. "शब्दाला काय धरून बसलास! आपण नंतर बोलू."

"नंतर नको, साहेब. लॉज बंद व्हायच्या आत. मी शपथ घेतली आहे. तुम्ही घेतलीत तीच."

"बायकांसमोर हे काय काढलंस?" वकील खेकसले.

"मी वेगळं काही मागत नाही. जेवण मागत नाही, खुर्ची मागत नाही. भाऊ का नोकर, एक शब्द."

पप्पा एक पाऊल पुढं सरकले. "साहेब, तुम्ही या दारातून पहिल्यांदा आत आलात, तेव्हा तुमच्या डोळ्यांवर..."

आणि तिथंच थांबले. ओठ घट्ट मिटले.

ते का थांबले, मला तेव्हा कळलं नाही. आता ते सगळं पुस्तकांत छापून आलंय, कुणीही वाचावं. नवा माणूस मेसन व्हायला येतो तेव्हा त्याला दाराबाहेर तयार करतो तो टायलर. त्याच्या अंगावरचं सोनंनाणं काढून घेतो, बाही वर सरकवतो, डोळ्यांवर पट्टी बांधतो, घाबरू नका म्हणतो, आणि त्याच्यासाठी दार ठोठावतो. त्या टेबलावर बसलेल्या बहुतेकांच्या डोळ्यांवर माझ्या बापाच्या हातांनी पट्टी बांधली होती. तेव्हा नाही कुणाला विटाळ झाला! एवढं एक वाक्य पप्पांनी पुरं केलं असतं, तर सगळ्यांची तोंडं काळी झाली असती. पण ते शपथेतलं होतं आणि समोर बायका बसल्या होत्या. ज्यांनी शपथ धाब्यावर बसवली, त्यांच्यासमोर हा माणूस शपथ पाळत उभा! हे कळलं तेव्हा मला पप्पांचाही राग आला, खोटं कशाला बोलू.

सोडावॉटरच्या फॅक्टरीचे होर्मसजी शेठ, लॉजमधले सगळ्यात म्हातारे, त्यांनी काठी आपटली. "अरे दाक्तर, बोल नी! भाऊ आहे तो. एक शब्द बोलायला तुझा काय जाते?"

डॉक्टरांनी मुंबईच्या पाहुण्यांकडं पाहिलं. पाहुणे ग्लासातली शेरी बघत होते. मग इनामदारांकडं पाहिलं, व्यापाऱ्यांकडं पाहिलं, स्वतःच्या बायकोकडं पाहिलं. एकानंही मान वर केली नाही. मी जागेवरून उठून दारात आले होते. मला वाटत होतं, म्हणतील. पोट फाडून माणसं वाचवणारा माणूस हा, एवढं तर म्हणेलच.

डॉक्टर उभे राहिले. ग्लास उचलला. आणि टायलरचा टोस्ट त्यांनी स्वतः म्हणून टाकला, भरभर, शब्द गाळून, कडू औषध घशाखाली ढकलावं तसा. सगळे उठले, ग्लास उचलले, प्यायले. होर्मसजी शेठ तेवढे बसून राहिले.

शंभर वर्षांची रीत मोडली, पण तो एक शब्द काही तोंडातून निघाला नाही.

माझं डोकंच फिरलं. मी खिळ्यावरचा मग ओढून काढला, थेट आत गेले आणि डॉक्टरांच्या पुढ्यात पांढऱ्या चादरीवर आदळला.

"हा घ्या. टायलरचा टोस्ट म्हटलात ना? टायलर यातून पितो. प्या."

"रूथ, तू तुझी जागा..."

"माझी जागा मला माहीत आहे. तुम्ही रक्तात हात बुडवता तेव्हा तुमच्या कोपराला कोपर लावून असते. तेव्हा मी मुलगी, आणि माझा बाप नोकर? हे कुठलं नातं हो, डॉक्टर? मनाची नाही तर जनाची तरी ठेवा! प्या यातून. पाणी प्या हवं तर."

त्यांनी मगाला बोटसुद्धा लावलं नाही. हात मागं घेऊन खिशात घातले. बस, मला हवं ते उत्तर मिळालं.

"रूथ, चल," पप्पा म्हणाले.

त्यांनी तलवार म्यानात घालून दाराशेजारी तिच्या खुंटीला लावली. नीट लोंबतेय ना, ते हात लावून पाहिलं. दाराकडं तोंड करून सलाम केला. मी मग उचलून पिशवीत टाकला आणि आम्ही चालत घरी आलो.

"एवढ्यात आलात?" आई म्हणाली. आमची तोंडं बघून पुढचं काही विचारलं नाही. पाट मांडले, मटणाचं पातेलं उतरवलं. पप्पांनी हातपाय धुतले, पण बसले नाहीत.

"तीन ग्लास पाणी दे. सारखे ग्लास दे," ते आईला म्हणाले.

"आता काय?" मी विचारलं.

"टोस्ट राहिलाय."

"राहिलाय? डॉक्टरनं म्हटला की तुमच्या नाकावर टिच्चून!"

"मास्टरनं म्हटलेला धरत नाहीत, बाळा. टायलरनं म्हणावा लागतो. मी म्हणत नाही तोवर ती माणसं उठलेली नाहीत. बसूनच आहेत अजून."

आणि चुलीसमोर, कोटाची बटणं लावून, ग्लास हातात घेऊन पप्पांनी टोस्ट म्हटला. एक शब्द गाळला नाही. जमिनीवर असो, पाण्यावर असो, आपला जो भाऊ गरिबीत आहे, दुःखात आहे, त्याला लवकर आराम पडो. आणि त्याला घरी परतायचं असेल, तर तो सुखरूप घरी पोचो.

"आणि हा कुणासाठी होता?" मी दातओठ खाऊन विचारलं.

"त्यांच्यासाठीच," पप्पा म्हणाले. "फार हाल आहेत बिचाऱ्यांचे."

आई प्यायली. पप्पा प्यायले. मी माझा ग्लास मोरीत ओतला. पप्पांनी पाहिलं, पण रागावले नाहीत.

पुन्हा ते त्या दाराशी उभे राहिले नाहीत. दोनदा माळी बोलावणं घेऊन आला. दोन्ही वेळा आईनं त्याला चहा पाजून परत पाठवलं. डॉक्टर हिर्लेकर मला पुन्हा कधी मुलीसारखी म्हणाले नाहीत, तेवढी माझी सुटका झाली. पप्पा गेले तेव्हा ट्रंकेतला एप्रन मी माझ्या हातानं बांधला. जादूघरातून कुणी आलं नाही. होर्मसजी शेठ असते तर आले असते, पण ते आधीच गेले होते.

परवा एक तरुण मेसन माझ्याकडं आला. चांगला पोरगा, वाकून नमस्कार केला. आता लॉजला दीडशे वर्षं झाली, नवा इतिहास लिहायचाय, जुन्या टायलरांच्या दोन आठवणी सांगा म्हणाला. मी सांगितल्या. जशा इथं सांगितल्या तशाच, पदरचं काही न घालता. पोराचा चहा गार झाला. मग त्यानं पिशवीतून लॉजच्या शतकपूर्तीची जुनी स्मरणिका, वकिलांचा तोच इतिहास छापलेली, काढली आणि शेवटचं पान माझ्यापुढं धरलं. त्या दुपारच्या जेवणाची हकीकत वकिलांनी मागाहून छापली होती. शेवटची ओळ अशी: 'कार्यक्रमाची सांगता परंपरेप्रमाणे टायलरच्या टोस्टने झाली.'

"हे तर धडधडीत खोटं आहे, मॅडम," पोरगा लाजून म्हणाला. "ही ओळ काढून टाकतो."

मी चष्मा लावून ती ओळ पुन्हा वाचली.

"काढू नकोस. त्या अख्ख्या पुस्तकात तेवढीच खरी आहे. लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं, एवढंच. फक्त पुढं ठिकाण घाल. लूकस भिंगारदिवे यांचं घर, ख्रिस्ती वस्ती, चुलीसमोर."

तो लिहून घेऊ लागला.

"आणि खाली हेही लिही," मी म्हणाले, "की टायलरच्या मुलीनं आपला ग्लास मोरीत ओतला. अजून भरलेला नाही."